अनुभव धागा: सोलोनंतर विमान-संग्रहालयात गेलात, तेव्हा कुठे थांबलात?

गेल्या महिन्यात माझं पहिलं सोलो झालं, म्हणजे शिकवणारे सर सोबत न घेता एकटीने केलेलं पहिलं उड्डाण. एकच सर्किट. टेकऑफ, चार वळणं, लँडिंग. लॉगबुकात जेमतेम ०.२ तासांची नोंद. सर उतरले, दार नीट लागलंय ना ते दोनदा ओढून पाहिलं आणि गवतात जाऊन उभे राहिले. त्यांचं वजन नसल्यामुळे विमान असं काही चढलं की नेहमीच्या खुणेवर यायच्या आधीच हजार फूट झाले, आणि मी बाजूच्या रिकाम्या सीटकडे "सर, बघा ना" अशा थाटात पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी विमान-संग्रहालयात गेले. लहानपणी तिथे नुसती जेट विमानांखालून पळायचे. या वेळी एका पिवळ्या टायगर मॉथपाशी पाय अडकला. १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे दुपंखी शिकाऊ विमान. ब्रेक नाहीत, शेपटीखाली चाकाऐवजी नुसती स्किड, म्हणजे घासत जाणारी पट्टी. पण माझे डोळे मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या, स्विचवर होते. ते कॉकपिटच्या आत नाहीत, बाहेरच्या अंगाला आहेत! इंजिन सुरू करायचं म्हणजे कुणीतरी पुढे उभं राहून हाताने पंखा फिरवायचा. स्विच बंद आहे की चालू, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. आत बसलेल्याच्या शब्दावर आपली बोटं कोण पणाला लावेल? सोलोच्या आधी मी हे स्विच पाहिलेही नसते.

तर मंडळी, ज्यांनी एकट्याने उडवलंय, जे उडवणार आहेत, किंवा ज्यांच्या घरात असं कुणी आहे, त्यांनी लिहा. कुठलं विमान, काय दिसलं. "खूप छान होतं" एवढ्यावर सुटका नाही.

*

मी लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या 'जेसन'बद्दल लिहिते. एमी जॉन्सनचं हिरवं जिप्सी मॉथ. ५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून एकटी निघाली आणि २४ मे रोजी ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली. वय २६. हे सगळं पाठ होतं मला, शाळेत निबंध लिहिलाय. पण मी म्युझियममध्ये गेले तेव्हा माझी १५० नॉटिकल मैलांची सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकटीने करायचं लांबचं उड्डाण, चार दिवसांवर आली होती आणि रात्री झोप लागत नव्हती. या मोहिमेआधी तिचं सगळ्यात लांबचं एकटीचं उड्डाण होतं लंडन ते इंग्लंडमधलंच हल शहर. नकाशावर मोजलं, तर अंतर माझ्या त्या क्रॉस-कंट्रीच्या आसपासच भरतं. म्हणजे बाई माझ्याएवढ्याच शिदोरीवर निघाल्या होत्या की!

पुढच्या कॉकपिटात माणूस नाही, जादा पेट्रोलची टाकी. मागे उघड्यावर ती. झाशीला इंधन संपत आलं म्हणून लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरली. पुढे रंगूनला पोचायचं तर चुकून अलीकडे इन्सीनच्या मैदानात उतरली आणि विमान खड्ड्यात गेलं, पंख फाटला. तिथे पंखाला लावायचं कापड कुठून आणणार? पहिल्या महायुद्धातलं उरलेलं विमानाचं कापड कुणी स्वस्तात घेऊन त्याचे शर्ट शिवले होते. ते शर्ट उसवून पंखाला ठिगळं लावली. मी वेड्यासारखी त्या पंखावर ठिगळ शोधत होते. दिसलं नाहीच, पण शेजारच्या बाईंना वाटलं माझं काहीतरी हरवलंय.

एमीकडे ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स होतं, ब्रिटनमध्ये ते मिळवणारी ती पहिली बाई. परत आल्यावर मी आमच्या हँगरमधल्या मेकॅनिककाकांना म्हटलं, मला इंजिनचे स्पार्क प्लग काढून साफ करायला शिकवा. त्यांनी आधी माझ्या नखांकडे पाहिलं. मग पाना दिला.

*

वॉशिंग्टनचं राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालय. 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस', चार्ल्स लिंडबर्ग ज्यातून एकटाच न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला ते विमान. समोरून फोटो काढायला गेलो, तर समोर काचच नाही.

माहीत नसलेल्यांसाठी: मुख्य टाकी इंजिन आणि पायलटच्या मध्ये बसवलीय. विमान आदळलंच तर इंजिन आणि टाकीच्या मध्ये चेंगरायला नको, म्हणून लिंडबर्गनेच ती पुढे घ्यायला लावली. समोरचं पाहायचं तर पेरिस्कोप, नाहीतर विमान थोडं तिरकं करून बाजूच्या खिडकीतून. १९२७ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी असा साडेतेहतीस तास! होकायंत्र डोक्यावर होतं, ते वाचायला आरसा हवा होता. तो निघाला गर्दीतल्या एका बाईंच्या पर्समधून, आणि चिकटवला च्युइंगमने. माझी उंची कमी. फ्लेअर करताना, म्हणजे टेकायच्या आधी नाक वर उचलताना, पुढचं दिसत नाही म्हणून मी सीटवर दोन उशा घेतो आणि त्यावरून सगळा क्लब मला चिडवतो. त्या दिवसापासून लाजणं सोडलंय.

*

मी पायलट नाही, पायलटची आई आहे, चालेल ना? मुलाने सतराव्या वर्षी सोलो केलं. आम्हाला आदल्या दिवशी सांगितलंच नाही. ते शहाणपणाचंच झालं.

संग्रहालयात तो दर विमानापाशी पंधरा-पंधरा मिनिटं. माझे गुडघे बोलायला लागले म्हणून एका कोपऱ्यात टेकले, तर समोर जत्रेतल्या पाळण्यासारखं काहीतरी. निळं खोकं, आखूड पंख, वर झाकण. हे लिंक ट्रेनर, मुलगा म्हणाला. एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता. एडविनने १९२९ च्या सुमारास तिथलेच भाते आणि हवेच्या नळ्या वापरून जमिनीवरचं विमान केलं. पेटीचा भाता माहीत असलेल्या बाईला हे लगेच समजलं हो! आत बसणाऱ्याने दांडा हलवला की भात्यांत हवा कमी-जास्त होते आणि खोकं कलतं, वळतं. झाकण लावलं की बाहेरचं काहीही दिसत नाही, फक्त काटे. आणि बाहेर मास्तरांच्या टेबलावर तीन चाकांची एक छोटी गाडी नकाशावर रेघ ओढत जाते, हा कुठे 'उडाला' त्याची. इंग्रजीत तिला खेकडा म्हणतात म्हणे.

आधी हे खोकं कुणी गंभीरपणे घेतलं नव्हतं. १९३४ मध्ये अमेरिकेत टपाल न्यायचं काम लष्कराच्या वैमानिकांना दिलं आणि खराब हवेत बरीच पोरं गेली. त्यानंतर लष्कराने पहिली सहा विकत घेतली. मी मुलाला विचारलं, तुमच्याकडे आहे ना असं काही? "आई, आता कॉम्प्युटरवर असतं." तू बसतोस ना पण त्यात? बसतो म्हणाला. मग मी उठले.

*

मला मात्र वैताग आला. राग मानू नका. सोलोच्या दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या उमेदीने एका संग्रहालयात गेलो. विमानं सगळी दोरीपलीकडे, टायर बसलेले, एका ट्रेनरच्या कॉकपिटची काच इतकी पिवळी झालेली की आतली एक डायल वाचता येईना. माहितीफलकाच्या चित्रात पंखाच्या मागच्या कडेचे दोन हलते भाग उलटे: फ्लॅपला एलेरॉन आणि एलेरॉनला फ्लॅप म्हटलेलं. काउंटरवर सांगितलं, तर "बरं" म्हणाले. दोन वर्षांनी मित्र जाऊन आला; फलक तसाच. एक गोष्ट मात्र कबूल करतो. बाहेर पडताना तेलाचा वास आला, जुन्या इंजिनाखाली ठेवलेल्या ट्रेमधून. तेवढ्यासाठी दहा मिनिटं थांबलो.

*

वरती प्लगचा विषय निघालाच आहे, तर हे लिहायलाच हवं. १९३० मध्ये आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं, इंग्लंड ते भारत किंवा उलट एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जे.आर.डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे. दोघांचीही जिप्सी मॉथ. अ‍ॅस्पी तेव्हा १७ वर्षांचे! इजिप्तमध्ये अबूकीरला जे.आर.डी. उतरले, तर हा मुलगा स्पार्क प्लगवाचून अडकून बसलेला. जे.आर.डीं.नी आपले जादा प्लग त्याला दिले. स्पर्धा जिंकली अ‍ॅस्पींनीच. १९६० मध्ये ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

हे मी वाचलं होतं, पण एका संग्रहालयात जिप्सी इंजिन उभं कापून ठेवलेलं पाहिलं तेव्हा पटलं. चार सिलिंडर ओळीने, आणि वर अंगठ्याएवढे प्लग. खिशात मावतील एवढी वस्तू. परक्या देशात ती नसेल, तर सगळी मोहीम तिथेच थांबते. आणि प्रतिस्पर्ध्याने ती खिशातून काढून द्यायची! मी दिले असते का? प्रामाणिकपणे सांगतो, आधी मोजून पाहिले असते.

*

वॉशिंग्टनचा उल्लेख आलाय म्हणून. तिथल्या त्याच संग्रहालयाची दुसरी मोठी इमारत डलस विमानतळाजवळ आहे, उद्‌वार-हाझी सेंटर. मी गेलो तेव्हा जेरी मॉकचं सेस्ना १८० तिथे वर टांगलेलं होतं. एकटीने जगप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री, १९ मार्च ते १७ एप्रिल १९६४. वय ३८, घरी तीन मुलं. निघाल्यावर लक्षात आलं की लांब पल्ल्याचा रेडिओ मुका आहे. त्याची वायरच जोडलेली नव्हती. पुढे कैरो समजून ती इन्शासच्या लष्करी तळावर उतरली. मागच्या वर्षी मीही चुकीच्या टॅक्सीवेवर वळलो होतो आणि टॉवरने असं झापलं की कान लाल झाले. त्यामुळे इन्शासची हकिगत मी जरा जास्तच आवडीने वाचली.

अलीकडे झारा रदरफर्डने १९ व्या वर्षी आणि तिचा भाऊ मॅकने १७ व्या वर्षी, दोघांनी २०२२ मध्ये, अशाच एकट्याच्या प्रदक्षिणा पुऱ्या केल्या. त्यांचं कौतुक आहेच. पण त्यांचं शार्क हे चपळ, नव्या घडणीचं विमान आहे, आणि मी शिकतोय सेस्ना १७२ वर. १८० त्याच घराण्यातलं. डोक्यावरचा पंख, त्याला आधार देणारी तिरकी दांडी, दाराचा आकार, सगळं ओळखीचं. बाकी लोक पलीकडच्या स्पेस शटलकडे धावत होते. मी खाली उभा राहून नकळत प्री-फ्लाइट, म्हणजे उड्डाणाआधीची तपासणी, सुरू केली. वेग मोजणारी पिटो ट्यूब, मोकळी. एलेरॉनचे बिजागर, ठीक. पंखावरच्या टाक्यांची झाकणं खालून दिसत नाहीत, ते मनातच नोंदवलं. मग इंजिनापाशी आलो आणि ऑइल बघायला सवयीने हात वर केला.

विमान माझ्या हातापासून दोन मजले वर होतं. मागे कुणीतरी हसलं. मी तोच हात तसाच केसांवरून फिरवला.