मदत हवी आहे: संस्थेच्या पत्रांची उत्तरे माझ्या वैयक्तिक ईमेलवर का येतात?

पूर्वा_कोथरूड
मी आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची मानद सचिव आहे. सभासदांना पत्रे मी संस्थेच्या ईमेल पत्त्यावरून पाठवते, पण त्यांची उत्तरे माझ्या वैयक्तिक जीमेलवर येऊन पडतात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. सूचनेसोबत लेखापरीक्षण अहवाल गेला की सभासदांचे प्रश्न सुरू होतात, आणि ते प्रश्न संस्थेच्या दप्तरी राहायला हवेत, माझ्या खाजगी पत्रव्यवहारात नव्हे. सगळी सेटिंग्ज मी दोनदा तपासली असून ती बरोबर दिसतात. नेमके काय बदलायचे ते कृपया कोणीतरी सांगा, कारण सूचना मला परवा पाठवायची आहे.

खारघरकर
आउटलुकमध्ये नवे पत्र उघडून 'ऑप्शन्स' टॅबवर जा. तिथे 'डायरेक्ट रिप्लाइज टू' असे बटण आहे. त्यात संस्थेचा पत्ता घातला की त्या पत्राची उत्तरे तिकडेच जातील. आमच्या कार्यालयात आम्ही वर्षानुवर्षे हेच करतो.

पूर्वा_कोथरूड
मी आउटलुक वापरत नाही. संगणकावर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम आहे.

निवृत्त_अभियंता
ताई, ही माहिती पहिल्याच संदेशात हवी होती. आता एवढे आणखी सांगा. थंडरबर्डमध्ये एकूण किती खाती जोडली आहेत? 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये संस्थेच्या खात्याच्या नावावर टिचकी मारली की उजवीकडे 'रिप्लाय-टू ॲड्रेस' अशी चौकट दिसते, तिच्यात काही लिहिलेले आहे का? आणि सर्वच सभासदांची उत्तरे चुकीच्या जागी येतात की काहींचीच?

पूर्वा_कोथरूड
खाती तीन आहेत: वैयक्तिक जीमेल, नोकरीचे आणि संस्थेचे. 'रिप्लाय-टू'च्या चौकटीत माझा वैयक्तिक पत्ता होता. दोन वर्षांपूर्वी खाते जोडताना मीच तो भरला असणार, कारण तेव्हा संस्थेची पेटी रोज उघडण्याची मला सवय नव्हती. आता तो काढून टाकला आहे. तरीही आत्ताच खजिनदारांना चाचणीचे पत्र पाठवले आणि त्यांचे उत्तर पुन्हा माझ्याच जीमेलवर आले. उत्तरे काहींचीच चुकीच्या जागी येतात, सर्वांची नाही.

शब्दसखी
माझा अनुभव सांगते. मी भाषांतराची कामे करते आणि माझे चार पत्ते आहेत. ते सगळे मी एकाच जीमेलमध्ये आणले आणि ब्राउझरमध्येच काम करते. ज्या पत्त्यावर पत्र आले त्याच पत्त्यावरून उत्तर जावे, अशी सोय तिथे आहे. संगणकावर वेगळा प्रोग्राम ठेवण्याची आता खरोखर गरज राहिलेली नाही.

निवृत्त_अभियंता
शब्दसखी, तुमचे चारही पत्ते तुमचे स्वतःचे आहेत, म्हणून ती व्यवस्था तुम्हाला सोयीची पडते. संस्थेचा पत्रव्यवहार सचिवांच्या वैयक्तिक खात्यात आणणे, हीच तर इथली तक्रार आहे. उद्या समिती बदलली तर ते दप्तर नव्या सचिवांच्या हाती कसे द्यायचे?

पूर्वाताई, माझा सल्ला असा की 'रिप्लाय-टू' रिकामे ठेवू नका, तिथे संस्थेचाच पत्ता लिहा.

टपालहंशील
याला माझा विरोध आहे. 'रिप्लाय-टू' ही ओळ उत्तराचा पत्ता 'फ्रॉम'पेक्षा, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यापेक्षा, वेगळा असेल तेव्हाच उपयोगाची असते. ती नसेल तर उत्तर 'फ्रॉम'च्या पत्त्यावर जाते, असे ईमेलच्या रचनेचे मानक, म्हणजे २००८ सालचे आरएफसी ५३२२, स्पष्ट सांगते. तोच पत्ता दोन ठिकाणी लिहिला की पुढे एक बदलतो आणि दुसरा तसाच राहतो. शिवाय 'फ्रॉम'मध्ये संस्थेचे डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) आणि 'रिप्लाय-टू'मध्ये फुकट सेवेचा पत्ता अशी जोडी फसव्या पत्रांत नेहमी आढळते. स्पॅमअसॅसिनसारख्या गाळणीत तिच्यासाठी स्वतंत्र नियमच आहे. पूर्वाताईंची पत्रे दोन वर्षे याच रूपात जात असतील, तर त्यांतली काही सभासदांच्या स्पॅममध्येही गेली असतील.

मात्र ही चौकट रिकामी करूनही उत्तर जीमेलवरच येत असेल, तर दोष 'फ्रॉम'मध्ये आहे. खजिनदारांना तुमचे पत्र नेमके कोणत्या पत्त्यावरून आलेले दिसते, हे त्यांना विचारा. तुमच्या 'सेंट'मध्ये पाहून चालणार नाही, कारण तिथे थंडरबर्डने स्वतः ठेवलेली प्रत असते आणि वाटेत झालेला बदल तिच्यात उमटत नाही.

पूर्वा_कोथरूड
विचारले. त्यांना पत्र माझ्या वैयक्तिक जीमेलवरून आलेले दिसते. माझ्या 'सेंट'मध्ये मात्र संस्थेचा पत्ता आहे. हे कसे शक्य आहे?

टपालहंशील
पूर्वाताई, आता उलगडा होतो आहे. थंडरबर्डमध्ये पत्र येण्याचा आणि जाण्याचा सर्व्हर वेगवेगळा नोंदवलेला असतो. संस्थेच्या खात्याच्या त्याच पानावर सर्वांत खाली 'आउटगोइंग सर्व्हर' अशी यादी आहे. तिथे जीमेल निवडलेले असावे, असा माझा अंदाज आहे. जीमेलच्या सर्व्हरमधून पत्र पाठवताना 'फ्रॉम'मध्ये दुसराच पत्ता असेल आणि तो जीमेलच्या 'सेंड मेल ॲज'मध्ये पडताळून नोंदवलेला नसेल, तर जीमेल 'फ्रॉम' बदलून तिथे स्वतःच्या खात्याचा पत्ता घालते.

खात्री करायची असेल तर खजिनदारांचे उत्तर नको, तुमचे मूळ पत्र त्यांच्याकडे ज्या रूपात पोहोचले त्याचा स्रोत, म्हणजे पत्रामागचा पूर्ण कच्चा मजकूर, त्यांना पाहायला सांगा. त्यांच्याकडे थंडरबर्ड असेल तर कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबायच्या, जीमेल असेल तर 'शो ओरिजिनल'. त्यात 'एक्स-गूगल-ओरिजिनल-फ्रॉम' अशी ओळ सापडली आणि तिच्यापुढे संस्थेचा पत्ता असला, तर शंका राहणार नाही. दुसरी खूण तुमच्या हातातच आहे: जीमेलच्या सर्व्हरमधून गेलेल्या पत्राची प्रत जीमेल आपल्या 'सेंट'मध्येही ठेवते.

पूर्वा_कोथरूड
दोन्ही खुणा जुळल्या. ती ओळ अगदी तशीच आहे. आणि जीमेल ब्राउझरमध्ये उघडून 'सेंट' पाहिले तेव्हा थकबाकीदार सभासदांना पाठवलेल्या सूचनांसकट थंडरबर्डमधून गेलेली संस्थेची सगळी पत्रे तिथे रांगेने दिसली. हे पाहून मला फार वाईट वाटले, कारण ती माहिती माझ्या खाजगी खात्यात असण्याचा मला काहीच अधिकार नाही.

काहींचीच उत्तरे का चुकतात, तेही आता कळले. जी पत्रे मी नोकरीच्या ठिकाणाहून संस्थेच्या वेबमेलवरून (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पेटीतून) पाठवते, त्यांची उत्तरे बरोबर जागी जातात. हे मी आधी लिहायला हवे होते.

'आउटगोइंग सर्व्हर'मध्ये जीमेलच होते. खाते जोडले तेव्हा संस्थेच्या सर्व्हरमधून पत्र जातच नव्हते, म्हणून यादीत दिसला तो सर्व्हर निवडल्याचे आठवते. आत्ता संस्थेचा सर्व्हर निवडून पाहिला, तर पुन्हा 'कनेक्शन टाइम आउट' येते.

निवृत्त_अभियंता
पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडणी ज्या क्रमांकाच्या दारातून होते ते, कोणते लिहिले आहे? २५ असेल तर तिथेच अडते आहे. स्पॅम रोखण्यासाठी घरच्या इंटरनेट जोडण्यांवर अनेक कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात. ईमेल प्रोग्रामने पत्र सर्व्हरकडे सोपवण्यासाठी ५८७ आहे. तिथे सुरक्षिततेच्या चौकटीत 'स्टार्टटीएलएस' (साधी सुरू झालेली जोडणी नंतर कूटबद्ध करणारी पद्धत) निवडा आणि वापरकर्ता नाव म्हणून संस्थेचा पूर्ण ईमेल पत्ता द्या.

टपालहंशील
संस्थेचा सर्व्हर ४६५ स्वीकारत असेल तर आधी ते घ्या आणि 'एसएसएल/टीएलएस' निवडा. २०१८ सालचे आरएफसी ८३१४ हे ईमेलचे दुसरे मानक याच पद्धतीला पसंती देते, कारण जोडणी पहिल्या क्षणापासून कूटबद्ध असते.

निवृत्त_अभियंता
५८७ ही काही असुरक्षित नाही. 'स्टार्टटीएलएस' सक्तीचे ठेवले की पुरते.

पूर्वा_कोथरूड
२५च होते. ४६५ केले आणि पत्र लगेच गेले. खजिनदारांना ते संस्थेच्या पत्त्यावरून आलेले दिसले आणि त्यांचे उत्तर पहिल्यांदाच संस्थेच्या इनबॉक्समध्ये आले. 'रिप्लाय-टू' रिकामेच ठेवले आहे. आपणा दोघांचे मनापासून आभार.

एक शंका उरते. मागच्या पत्रांचे काय? लोक बहुतेक वेळा जुनेच पत्र उघडून त्यालाच उत्तर देतात.

टपालहंशील
ती पत्रे सभासदांकडे जुन्या पत्त्यासह पोहोचलेली आहेत, त्यामुळे त्यांची उत्तरे यापुढेही तुमच्या जीमेलवरच येतील. ते आता इथून बदलता येत नाही. परवाची सूचना जुन्या पत्राला जोडून न पाठवता नव्या पत्रातून पाठवा आणि तिच्यात संस्थेचा पत्ता ठळक लिहा. जीमेलवर आलेली आणि तिथल्या 'सेंट'मध्ये साठलेली पत्रे थंडरबर्डमधूनच संस्थेच्या खात्यातील एखाद्या फोल्डरमध्ये ओढून नेता येतात, मात्र दोन्ही खाती आयमॅपने, म्हणजे पत्रे सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीने, जोडलेली हवीत. आधी 'कॉपी टू' करा, वेबमेल उघडून सगळी पत्रे पोहोचल्याचे पाहा, आणि मगच जीमेलमधली काढा.

पूर्वा_कोथरूड
दोन्ही खाती आयमॅपनेच जोडलेली आहेत. आज रात्री कॉपी करायला घेते.