कान्हेरी अर्ध्या दिवसात : सोमवार टाळा

रत्नागिरीहून तुतारी एक्स्प्रेसने दादरला येऊन अर्ध्या दिवसात कान्हेरी (बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली बौद्ध लेणी) होईल का, असं एकाने विचारलंय. होईल, पण सोमवार नको. त्या दिवशी उद्यान बंद असतं. दादरहून लोकलने बोरिवली, पूर्वेला उतरून दरवाजापर्यंत चालत. खरा वेळ पुढे जातो: दरवाजापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, चढाचा रस्ता. उद्यानाची बस मिळाली तर उत्तम. भाड्याच्या सायकलीवर चढाला दम निघतो. लेण्यांचं तिकीट वेगळं, वर काढायचं.

शंभरावर लेणी आहेत, सगळ्यांच्या मागे लागू नका. क्रमांक ३ चा चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह (व्हरांड्यातल्या दोन उंच बुद्धमूर्ती चुकवू नका) आणि ११ चा दरबार हॉल पाहून वर चढा. भिक्षू राहायचे ते विहार तिथे: एखादी खोली, झोपायला दगडी ओटा, बाहेर पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. कातळावरचं पावसाचं पाणी पन्हळींनी पोढीत कसं उतरवलंय, ते नीट बघा. माझ्या मते मूर्तींपेक्षा हेच भारी. क्रमांक ४१ मधला अकरामुखी अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) जमला तर बघा.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला नकोत. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात. सॅकमध्ये, चेन लावून.