मदत हवी आहे: गॅरेजवाले म्हणतात ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदला, त्याआधी काय काय तपासू?

काजूबोंड:
गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, चार सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल), १ लाख ३८ हजार किलोमीटर. मुक्काम रत्नागिरी, भाट्ये खाडीच्या काठाला. गाडी उघड्यावर असते. ईसीएम बोनेटखाली, बॅटरीला लागून.

पाऊस सुरू झाल्यापासून चालती गाडी मध्येच बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. वीसेक मिनिटांनी काही न करता चालू होते. अधूनमधून एक सिलिंडर मिस होतो. स्कॅनरवर आलेले कोड: पी०६४२, पी०१९२, पी०२३७, पी०२०२ आणि डॅशबोर्डवरच्या मीटरच्या बाजूने यू०१००. फ्यूज शाबूत आहेत.

गॅरेजचं म्हणणं, इतके कोड एकदम म्हणजे ईसीएम गेला. नव्याचा खर्च ऐकून घाम फुटला, म्हणून आता भंगारातला जुना बसवून देतो म्हणतात. तोच गेलाय हे खात्रीने कसं ठरवायचं? जुना बसवला तर चावी चालेल का? आणि बसवलेला पुढच्या पावसात परत जाऊ नये म्हणून काय करायचं? घरात मल्टिमीटर आणि दहाचा पाना आहे.

तांबडीमाती:
हा हिशोब उलटा आहे. पी०६४२ म्हणजे सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा खाली आलाय. रेल प्रेशर सेन्सरचा पी०१९२ आणि टर्बोच्या बूस्ट सेन्सरचा पी०२३७ हे दोन्ही सिग्नल कमी असल्याचे कोड. दोघं त्याच ५ व्होल्टवर जगत असले तर एक शॉर्ट झाला की दुसराही आडवा होतो. रेलमधलं प्रेशर कळलं नाही की ईसीएम इंजेक्टर उघडत नाही, म्हणून सेल्फ फिरूनही इंजिन गप्प. यू०१०० म्हणजे ईसीएम बाकीच्यांशी बोलायचा थांबला, पण त्याला वीज किंवा अर्थिंग मिळालं नाही तरी हाच कोड येतो. आतून गेल्याचा संशय घ्यावा असे कोड म्हणजे पी०६०१ आणि पी०६०६. ते तुमच्या यादीत नाहीत. उरला पी०२०२, म्हणजे दोन नंबरच्या इंजेक्टरचं सर्किट. तो स्वतंत्र बघायला लागेल.

आधी अर्थिंग. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर, लाल टोक ईसीएमच्या अर्थ पिनवर कपलरच्या (वायरिंगच्या जोडाच्या) मागच्या बाजूने, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. क्लॅम्पवर नाही, खांबावरच. की ऑन केल्यावर ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. मग कोणाला तरी सेल्फ मारायला लावा आणि आकडा बघा. ०.३ च्या वर उडी मारली तर बॅटरीकडून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारा पट्टा खाल्लेला आहे. ओहमवर अर्थिंग तपासू नका. पट्ट्याची एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्य दाखवतो.

मग पुरवठा. इथे भलेभले फसतात. कपलर काढतात, पिनांवर १२ व्होल्ट शोधतात, सापडत नाहीत, आणि वायरिंग तुटलं म्हणून मोकळे होतात. अहो, मेन रिलेची (ईसीएमला वीज जोडणाऱ्या स्विचची) कॉइल बहुतेक गाड्यांत ईसीएमच अर्थ करतो. कपलर काढल्यावर रिले ओढेल कसा? त्या वेळी फक्त बॅटरीची कायमची पिन आणि कीवरून येणारी पिन जिवंत असते. रिलेची लाइन बघायची तर रिले उपसून ३० आणि ८७ या खाचांत फ्यूज लावलेल्या वायरने जोड द्या. आणि पुरवठ्याच्या पिनांवर मीटरपेक्षा इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब बरा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. गंजलेली वायर मीटरला बिनदिक्कत १२ दाखवते, बल्ब मात्र मिणमिणतो. हा बल्ब सेन्सरच्या वायरींना लावू नका, नाहीतर खरोखरच ईसीएम घ्यावा लागेल.

५ व्होल्टसाठी ईसीएमचा कपलर जागेवर ठेवून की ऑन करा आणि बूस्ट सेन्सरच्या कपलरमध्ये मागून मोजा. एक-दीड व्होल्टच असेल तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक सोडवत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ परत येतात, तो चोर. सगळे काढूनही आले नाहीत तर वायर कुठेतरी बॉडीला घासलीय का बघा. ईसीएमचा नंबर त्यानंतर.

इंजेक्टरच्या वायरींना की ऑन असताना हात नाही. सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणारा) इंजेक्टर उघडायला ६५ ते ८० व्होल्टचा झटका जातो. की बंद, दहा मिनिटं थांबा, निगेटिव्ह काढा, मग चारही इंजेक्टरच्या कॉइल मोजा. आकडा अर्ध्या ओहमच्या आसपास असतो, म्हणून मीटरची टोकं एकमेकांना लावून जे वाचन येतं ते वजा करा. नेमका आकडा किती यापेक्षा चारांत एक वेगळा निघतो का, हे महत्त्वाचं. कॉइलपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत मात्र काहीच वाचन यायला नको.

वायरीच्या आवरणात सुई टोचून मोजू नका. आपल्याकडची खारी हवा त्या भोकातून शिरते आणि आतलं तांबं काळं पडत जातं. बाहेरून वायर नवीकोरी दिसते.

पागोळी:
काचेखालची काळी जाळीही उघडा. सुरूच्या काड्या आणि आंब्याचा पाला तिथे साचून निचऱ्याचं भोक बुजतं. मग पाणी वाट फुटेल तिकडे, बऱ्याचदा वायरिंगवर. उंदरांनी कुरतडलेलंही तेव्हाच दिसेल.

सड्यावरचा:
ईसीएम दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा, मोबाइल वाचतो तसा वाचेल.

तांबडीमाती:
तांदूळ जेवायला राहू द्या. पाणी सुकतं, मीठ तिथेच राहतं, आणि हवेतली ओल लागली की परत करंट वाहायला लागतो. मीठ धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश लागतो, आणि मग उरलेलं पाणी काढायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. नुसत्या अल्कोहोलमध्ये मीठ विरघळत नाही. हेअर ड्रायरचा झोतही नको, ओल आणखी आत जाते.

काजूबोंड:
मोजलं. की ऑन ०.०६, सेल्फ मारताना ०.४१ व्होल्ट. पट्टा काढला तर बोल्टाखाली पांढरी भुकटी. नवा टाकल्यावर सेल्फ मारतानाही ०.०९. बल्ब सगळीकडे लख्ख.

५ व्होल्टच्या जागी १.२ होते. बूस्ट सेन्सर सोडवताच ५.०१. त्याच्या कपलरमध्ये पिना हिरव्या, मध्ये पाणी. सेन्सर आणि कपलर नवे टाकले, पी०६४२ आणि त्याची पिलावळ गेली. गाडी आता बंद पडत नाही.

पण पी०२०२ आहेच आणि मिसही आहे. चारही कॉइल ०.४ ते ०.५, बॉडीला कुठेच वाचन नाही. ईसीएमच्या कपलरपासून इंजेक्टरपर्यंत दोन्ही वायरी सलग. ईसीएमच्या बाजूची एक पिन मात्र हिरवी होऊन अर्धी झिजलीय.

तांबडीमाती:
म्हणजे दोन वेगळे आजार होते. पहिल्यासाठी ईसीएम बदलला असता तर नवाही तसाच बंद पडला असता. दुसऱ्यात मात्र ईसीएमला हात लावावाच लागणार.

पिन का गेली तेही सांगतो. गरम डब्यावर पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि डबा बाहेरची हवा ओढतो. त्यासाठी झाकणावर पडद्याचं छोटं छिद्र असतं, त्यातून हवा जाते पण पाणी जात नाही. जांभ्याचा तांबडा चिखल त्यावर थापला गेला की डबा कपलरमधून श्वास घेतो, आणि वायरीच्या तारांमधून पाणी वर चढतं. दिव्यात वात तेल ओढते तसं.

खाडीपूल:
आता दुरुस्ती की बदली. पहिली पसंती दुरुस्तीला, कारण चावीची आणि इंजेक्टरची माहिती जागेवर राहते. आतला बोर्ड नेहमीचा हिरवा असेल तर चांगला कारागीर पिनांचा अख्खा सॉकेट बदलतो. सिरॅमिकची पट्टी आणि वर पारदर्शक जेल दिसलं तर नाद सोडा. त्यावरच्या केसासारख्या अॅल्युमिनियमच्या तारा साध्या सोल्डरिंगने जोडता येत नाहीत.

बदली करायची तर जुना पीस नुसता लावून चालणार नाही. चावीतल्या चिपशी जुळणारी माहिती ईसीएमच्या मेमरीत असते. न जुळवता लावला तर इंजिन लागतच नाही किंवा लागून दोन सेकंदांत बंद पडतं, आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहतो. उपाय क्लोनिंगचा: तुमच्या ईसीएममधला फ्लॅश आणि ईप्रॉम (दोन्ही मेमरीतला डेटा) वाचून जुन्या पीसमध्ये उतरवायचा. तुमच्याकडे फक्त एक पिन गेलीय, प्रोसेसर जिवंत आहे, त्यामुळे वाचन होईल. दोनदा वाचायला लावा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच पुढे जा, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. लेबलवरचा हार्डवेअर नंबर शेवटच्या अंकापर्यंत सारखा हवा. सॉकेट सारखा दिसतो म्हणून आणलेला पीस परत करायला जावं लागतं.

भंगारातला पीस घेताना नाक आणि डोळे उघडे ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय, आणि पुरातल्या गाड्यांचे भाग फिरत फिरत कुठेही पोचतात. झाकणाच्या खाचेत वाळलेल्या गाळाची रेघ, पिनांच्या मुळाशी पांढरी-हिरवी भुकटी, खरवडून काढलेलं लेबल, यातलं एक जरी दिसलं तरी नको. झाकण आधीच कोणी उचकटलेलं असेल तरीही नको.

नवा कोरा घेतला तर अधिकृत सेवा केंद्रात कोडिंग करून घ्या. घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या, एक विसरली तर ती नंतर चालणार नाही.

काजूबोंड:
क्लोन केला तर इंजेक्टरचे कोड परत टाकावे लागतात का? आणि बसवताना काय सांभाळायचं?

खाडीपूल:
पूर्ण क्लोनमध्ये कोड सोबत येतात, पण स्कॅनरवर उघडून पडताळा. हा कोड त्या इंजेक्टरची डिझेल सोडण्याची लकब ईसीएमला सांगतो आणि इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला असतो. टॉर्चच्या उजेडात फोटो काढून सिलिंडरच्या क्रमाने लिहून ठेवा. नव्या ईसीएममध्ये तो टाकावाच लागतो, नाहीतर आयडल ओबडधोबड आणि धूर.

कोडिंग चालू असताना बॅटरीला १३ व्होल्टच्या वर धरून ठेवणारा स्थिर पुरवठा लावा. हेडलाइट, पंखा, एसी बंद. मध्येच व्होल्टेज बसलं आणि लिहिणं अर्धवट राहिलं तर चांगला ईसीएम दगड होतो.

तांबडीमाती:
बसवताना: की बंद, दहा मिनिटं, आधी निगेटिव्ह. कपलरचा खटका पूर्ण उघडल्याशिवाय ओढू नका. वायरिंगच्या बाजूचीही त्या जागेची पिन बदला, तिलाही गंज लागलेला असणारच, आणि ती नव्या पिनला खाईल. कपलरच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या, पिनांवर थापू नका. झाकण चिकटवायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन अजिबात नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर मागा.

पाण्याचा बंदोबस्त: वायरिंग कपलरमध्ये शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या, पाणी झोलावरून ठिबकतं. झाकणावरचं छिद्र ओल्या फडक्याने साफ ठेवा, त्यावर रंग किंवा टेप नको. प्रेशर वॉशरचा झोत त्या कोपऱ्यात जाऊ देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ईसीएम इथे सर्रास दिसतात. पिशवीत ओल अडकते, त्यापेक्षा उघडा बरा.

चालू झाल्यावर स्कॅनरच्या लाइव्ह डेटामधलं व्होल्टेज आणि बॅटरीवर मीटरने मोजलेलं यांत ०.२ पेक्षा जास्त फरक नको. डायनामो १३.८ ते १४.५ देतोय ना तेही त्याच वेळी बघा. रेल प्रेशर की ऑनवर शून्याजवळ, आयडलला साधारण २५० ते ३०० बार. कोड पुसून वीसेक किलोमीटर फिरवा, त्यात एखादा घाट घ्या, मग परत स्कॅन करा. पी०२०२ आला नाही तरी तुमचा मूळ ईसीएम फेकू नका. त्यात तुमच्या चावीची माहिती आहे.