फेसबुक सोडल्यावर पक्षी, पुस्तकं आणि गप्पांसाठी कुठे जावं? (पुणे)

टेकडीकर
महिनाअखेरीस फेसबुक बंद करतोय. तिथं तीनच कामं होती: वेताळ टेकडी-पाषाण भागातले पक्षी ओळखून घेणं, मराठी पुस्तकांवरची चर्चा आणि सटरफटर गप्पा. फोन नंबर चारचौघांत जायला नको. काय सुचवाल?

खंड्या_खडकी
ओळख पटवायला आयनॅचरलिस्ट (प्राणी-पक्षी-झाडांचे फोटो टाकून जाणकारांकडून ओळखून घ्यायची साइट). फोटो कापून पक्षी मोठा करा, तारीख-ठिकाण भरा. जात माहीत नसेल तर निदान 'पक्षी' एवढं तरी लिहा. नाव कोरं सोडलंत तर पक्ष्यांच्या जाणकारांच्या चाळणीत नोंद येतच नाही. दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं की ती 'रिसर्च ग्रेड', म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी होते.

घुबडाचं घरटं वगैरे असेल तर जिओप्रायव्हसी (ठिकाण कितपत दाखवायचं ते) 'ऑब्स्क्युअर्ड' ठेवा. मग नेमक्या जागेऐवजी साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनातला कुठलातरी बिंदू दिसतो. (आणि वर्णनात झाडाचा पत्ता लिहू नका. लिहितात लोक!)

फेरीची यादी ठेवायला ईबर्ड (फक्त पक्ष्यांच्या नोंदींची साइट): वेळ, अंतर, प्रत्येक जातीचे किती. ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले असतील तरच 'कंप्लीट चेकलिस्ट'ला हो म्हणा. फक्त भारी पक्षी टाकून हो म्हटलंत, तर त्या दिवशी टेकडीवर कावळे-साळुंक्या नव्हत्याच असा अर्थ निघतो.

पेठेतला_वाचक
पुस्तकांसाठी मायबोली (१९९६ पासून चालू), मिसळपाव, ऐसी अक्षरे या मराठी साइटी. टोपणनावाने वावरता येतं. नवा धागा काढण्याआधी जुना शोधा आणि तिथेच प्रतिसाद द्या. पाच मिनिटांत दाद मिळणार नाही, शुद्धलेखनावरून मात्र कुणीतरी टोकेलच. पुण्यात राहता, सवय असेल.

गप्पांना मास्टोडॉन (ट्विटरसारखंच, पण वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणारं). पहिल्या दिवशी पान रिकामं दिसतं आणि लोक तिथूनच परत फिरतात. तुमच्यासाठी पोस्टी निवडून वाढणारं तिथं कुणी नाही. माणसं आणि हॅशटॅग स्वतः फॉलो करावे लागतात. पोस्टची भाषा 'मराठी' निवडा, नाहीतर भाषेची चाळणी लावलेल्यांना सार्वजनिक टाइमलाइनवर ती दिसणार नाही. खातं कुठल्या सर्व्हरवर काढायचं याचा फार घोळ घालू नका. पुढे बदललात तर फॉलोअर सोबत येतात, पोस्टी मात्र जुन्या जागीच राहतात.

टेकडीकर
दोघांचेही आभार. फेसबुकवरच्या सध्याच्या गटातली आठ-दहा मंडळी सोबत हवी आहेत. व्हॉट्सॲप ग्रुप काढू का?

सिंहगडरोड_७
नंबर लपवायचा असेल तर नको. सिग्नल (व्हॉट्सॲपसारखंच मेसेजचं ॲप) घ्या: प्रायव्हसीत 'फोन नंबर' उघडून नंबर कुणाला दिसतो आणि नंबरावरून कोण शोधू शकतं, दोन्ही ठिकाणी 'कुणीच नाही' करा, युजरनेम बनवा, ग्रुपची लिंक ॲडमिनच्या मंजुरीसह चालू करा. ती लिंक त्या मंडळींना एकेकट्यांना मेसेंजरवर पाठवा, गटात टाकू नका. आणि हे सगळं फेसबुकचं खातं चालू असतानाच करा, कारण खातं डिलीट झालं की मेसेंजरही जातो.

खातं डिलीट करण्याआधी फेसबुकच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमधून तुमची माहिती उतरवून घ्या. कालावधी 'ऑल टाइम', नुसतं वाचायचं असेल तर फॉरमॅट एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडतो). गटात इतरांनी टाकलेल्या पोस्टी त्यात येत नाहीत, हव्या त्या हाताने जपून ठेवा. 'फेसबुकने लॉगिन' केलेल्या इतर साइटींना ईमेल-पासवर्ड लावा. डिलीट केल्यावर ३० दिवसांत लॉगिन करून निर्णय फिरवता येतो, म्हणून ॲप फोनमधून काढूनच टाका. त्यांच्या सर्व्हरवरून सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात.