बोइंग एक्सबी-१५ एकच का बनवलं?

वास्कोकर:
मंडळी, सध्या महायुद्धाआधीच्या बॉम्बर्सचं वाचतोय आणि अमेरिकेच्या एक्सबी-१५ या चार इंजिनांच्या बॉम्बरवर येऊन अडकलोय. पंखांचा पसारा १४९ फूट, आत झोपायला बंक, छोटं किचन, आणि पंख मुळाशी एवढा जाड की मेकॅनिक उडत्या विमानात आतून सरपटत इंजिनाच्या मागे जाऊन काम करू शकायचा! १९३७ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा उडालं. मग पुढे का नाही गेलं? बोइंगचीच दुसरी बॉम्बर, बी-१७, तर हजारोंनी बनली.

फोंडेकर:
इंजिनांनी घात केला हो. लष्कराला ५००० मैल पल्ल्याचं विमान हवं होतं, त्यासाठी ॲलिसनची व्ही-१७१० धरून डिझाइन केलं, ती वेळेवर आलीच नाहीत, मग प्रॅट अँड व्हिटनीची ट्विन वास्प बसवली, ८५० हॉर्सपॉवरची, टेकऑफला थोडी जास्त. आणि भरलेलं वजन ३२ टन! ताशी २०० मैलांवर गाडी अडली. बी-१७ चा प्रोटोटाइप, मॉडेल २९९, याच्या मागून सुरू होऊन जुलै १९३५ मध्ये उडालासुद्धा, वर वेगातही सरस.
वास्कोत राहता तर बोगमाळोच्या नौदल विमान म्युझियममधलं सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं मोठं विमान बघितलंच असेल. त्याचं एकेक इंजिन सव्वातीन हजार हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे एक्सबी-१५ ची चारही मिळून जेवढी ताकद, जवळपास तेवढी त्याच्या एकट्या इंजिनात. परत गेलात की त्या इंजिनाखाली उभे राहून बघा, लगेच कळेल काय कमी पडलं ते.

म्हापशाची:
फोंडेकरदादा, इंजिनांचं पटलं, पण लोक याला सरळ फेल म्हणून मोकळे होतात ते मला अजिबात पटत नाही. जानेवारी १९३९ मध्ये चिलीत भयंकर भूकंप झाला, तेव्हा मेजर कॅलेब हेन्स हेच विमान घेऊन लँगली फील्डवरून पनामा, लिमा करत सँटियागोला गेले, दीड टनाच्या आसपास औषधं घेऊन. बॉम्बर म्हणून बांधलेल्या विमानाने माणसं वाचवायला धाव घेतली, याहून मोठं काय पाहिजे? आणि पंखाचं ते डिझाइन बोइंगने ३१४ क्लिपर या उडत्या बोटीला वापरलं, समुद्रापार प्रवासी नेणाऱ्या.

वास्कोकर:
वा, क्लिपरचं माहीतच नव्हतं, थँक्यू ताई! आता एक्सबी-१५ कुठल्या म्युझियममध्ये आहे का?

फोंडेकर:
नाही हो. युद्धात एक्ससी-१०५ नावाने मालवाहू केलं आणि १९४५ मध्ये पनामात भंगारात काढलं. एकुलतं एक होतं, ठेवायला हवं होतं.