मदत हवी आहे: आठवीत इथिओपियाचा मुलगा आलाय, जन्मतारीख 5/13/2004 ??

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात एका शाळेच्या ऑफिसमध्ये आहे. अॅडमिशन, दाखले, बोनाफाईड सगळं माझ्याच टेबलावर. परदेशी म्हणजे आमच्याकडे आतापर्यंत नैरोबी नाहीतर लंडनहून परत आलेले पटेल, त्यांचं गुजराती माझ्यापेक्षा चांगलं, त्यामुळे कधी अडलं नाही. या जूनपासून इथिओपियाचा एक मुलगा आलाय, वडील युनिव्हर्सिटीत पीएचडी करतात. पोरगा गुणी आहे हो, गोंधळ सगळा आमचा चाललाय.

पासपोर्टवर जन्मतारीख 10 सप्टेंबर 2012 आणि तिकडच्या शाळेच्या दाखल्यावर 5/13/2004. तेरावा महिना कुठून आणू? सॉफ्टवेअर घेतच नाही. आमच्या अकाउंटवाल्या भाईंनी बोटांवर हिशोब करून 'बेन, आ तो एकवीस वरसनो छे' असं जाहीर केलं, ते पण वडील समोर बसलेले असताना!! मला तोंड कुठे लपवू झालं.

मग वडिलांचं आणि मुलाचं शेवटचं नाव वेगळं, त्यावरून क्लासटीचरने 'सख्खेच ना?' विचारलं. मग वडिलांचा मेसेज आला की उद्या 4 वाजता येतो, आणि आले सकाळी दहाला, प्रिन्सिपल मीटिंगमध्ये, शिपायाने परत पाठवलं, आणि संध्याकाळी चारला आम्ही वाट बघत बसलो.

आणि शुक्रवारी वर्गात श्रीखंड-पुरी होती, त्याने वाटी बाजूला सारली. उपवास आहे म्हणाला म्हणून टीचरने हौसेने घरून साबुदाण्याची खिचडी मागवली, चांगली साजूक तुपातली, वर दही. त्याने त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले. आता बाई रुसल्यात.

कोणी अशा मुलांबरोबर काम केलंय का? स्टाफला नेमकं काय सांगू?

---

जुना_रावपुरेकर: ताई, दाखला खोटा नाही. त्यांचं कॅलेंडरच वेगळं, 30 दिवसांचे 12 महिने आणि उरलेल्या 5-6 दिवसांचा तेरावा, आणि साल आपल्या इंग्रजी सालाच्या 7-8 वर्षं मागे. तुमच्या दोन्ही तारखा म्हणजे एकच दिवस आहे, पोरगा त्यांच्या वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी जन्मलाय. भाईंना म्हणावं, तुमचं विक्रम संवत दिवाळीनंतर बदलतं, आमचं शके पाडव्याला, तेव्हा कोणी बोटं मोजत नाही. रजिस्टरला पासपोर्टचीच तारीख घ्या, दाखल्याला वडिलांच्या सहीचं पत्र जोडून ठेवा.

घड्याळ पण तसंच, दिवस उजाडल्यापासून मोजतात, त्यांचे 4 म्हणजे आपले सकाळचे 10. मेसेजमध्ये सकाळ की दुपार एवढं विचारून घेत जा.

आडनाव नसतंच त्यांच्यात. स्वतःचं, वडिलांचं, मग आजोबांचं नाव. म्हणजे आपल्यासारखंच, फक्त शेवटी जोशी-कदम नाही. टीचरना सांगा, माफी मागायला हरकत नाही.

सयाजीगंज_७: ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन असणार. बुधवार-शुक्रवार दूध, दही, तूप, अंडं, मटण काही नाही. तेलातलं चालतं. आणि एक, वडिलांचं एफआरआरओचं (परदेशी लोकांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) झालं म्हणून शाळेचं काम संपत नाही, परदेशी विद्यार्थ्याच्या माहितीचा फॉर्म शाळेनेच ऑनलाइन भरायचा असतो. भरलाय का?

धागाकर्ती: अगंबाई, तो फॉर्म नाही भरला! उद्याच बसते. बाकी काल वडिलांना फोन करून सॉरी म्हटलं, ते हसले, म्हणाले त्यांच्याकडे पोहोचलेल्या आमच्या लोकांचे पण असेच हाल होतात.

गुजराती मात्र भराभर शिकतोय बरं का (आठवीपर्यंत सक्तीचं आहे ना इथे, 2023 पासून). त्यांच्या लिपीतही स्वराप्रमाणे अक्षराचं रूप बदलतं म्हणे, त्यामुळे बाराखडी त्याला नवीन वाटलीच नाही. आडनावाचा रकाना तेवढा राहिला, सॉफ्टवेअर रिकामा सोडू देत नाही, तिथे आजोबांचं नाव टाकू की पासपोर्टवर आहे तसंच?

सयाजीगंज_७: पासपोर्टसारखंच, अक्षरन् अक्षर. पुढे बोर्डाच्या फॉर्मला त्रास नको. आणि शुक्रवारी त्याला सेव-उसळ द्या, त्यात तूप-दही कुठे असतं.