टॉवेल कारखान्याचे आकडे: कशाला कुठला आलेख काढू?

पूर्वभागातली
नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघते. बारा माग, दिवसपाळी आणि रातपाळी. वर्षाचं सगळं चित्र दोन-तीन पानांत बसव म्हणून मालकांचा मुलगा मागं लागलाय, बँकेच्या साहेबांनाही तेच दाखवायचंय. माझ्याकडं आहे ते असं: दर महिन्याचं उत्पादन किलोत, प्रत्येक मागाचं दोन्ही पाळ्यांचं उत्पादन, सेकंड माल (म्हणजे दोष असलेला) कशामुळं निघाला त्याची नोंद (ताणा म्हणजे उभा धागा तुटला, तेलाचा डाग, किनार खराब, लूप ओढले गेले), आणि तपासणीला काढलेल्या नगांची वजनं. छोटे मालक म्हणायलेत, सगळ्याचे पाय चार्ट (गोलाचे तुकडे पाडलेले) कर, थ्रीडी, रंगीत. करून बघितले. बारा मागांचा पाय चार्ट बघून सात नंबर पुढं का नऊ नंबर, तेवढंसुद्धा कळंना. शाळेत जोडस्तंभालेख (दोन-दोन दांड्या शेजारी), आयतालेख (हिस्टोग्राम) शिकवलेत हो, पण कधी काय वापरायचं? आणि आमचा प्रिंटर काळा-पांढराच आहे.

निवृत्त_मास्तर
ताई, छोट्या मालकांचा पाय चार्ट आधी काढून घ्या त्यांच्याकडून. अख्ख्यातला वाटा केवढा, एवढंच तो सांगतो, तेही तीन-चार तुकडे असले तर. कोनांची तुलना डोळ्याला जमत नाही. एका रेषेवर उभ्या केलेल्या दांड्यांत कोण उंच ते मात्र पोरसुद्धा सांगतं. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये माणसांना आलेख दाखवून हेच तपासलं होतं. थ्रीडीत तर पुढचा तुकडा उगाच फुगून दिसतो. बँकवाल्याला फसवायचं नसेल तर थ्रीडी नको.

महिन्याच्या उत्पादनाला रेषालेख. काळ सरकतो तिथं रेष, वेगवेगळ्या वस्तू शेजारी ठेवायच्या तिथं दांडी. हा भेद जुनाच आहे. १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअरनं इंग्लंडच्या व्यापाराच्या वर्षानुवर्षाच्या रेषा काढल्या, पण स्कॉटलंडचा हिशेब त्याच्या हाती एकाच वर्षाचा होता. रेष कशाची ओढणार? म्हणून देशागणिक दांड्या काढल्या. (पाय चार्टही त्याचाच, १८०१ चा. माणूस हुशार होता, पण ते एक करून ठेवलं.) तुमच्याकडं दिवाळीच्या महिन्यात माग बंद राहतात, म्हणून किलो भागिले कामाचे दिवस करून मगच रेष ओढा. नाहीतर दरवर्षी दिवाळीत धंदा बुडाल्यासारखा दिसेल.

सेकंडला आडवा स्तंभालेख, सगळ्यात मोठं कारण वर, मग उतरत्या क्रमानं. आडवा अशासाठी की 'लूप ओढले गेले' हे उभ्या दांडीखाली मावत नाही. मागवार सेकंड दाखवायचा असेल तर नगांत नको, शेकडा दाखवा. जो माग जास्त विणतो त्याचा सेकंडही जास्त निघणार, त्यात त्याचा काय दोष?

आता वजनं. खरा मसाला इथं आहे आणि तुम्ही ती शेवटी लिहिलीत! समजा नग ५०० ग्रॅमचा हवा आणि सरासरी बरोबर ५०० येते. मालक खूश. पण आयतालेख काढा, पाच-पाच ग्रॅमचे वर्ग पाडून, प्रत्येक वर्गात जेवढे नग तेवढी उंच दांडी. एकच टेकडी आली तर ठीक. दोन टेकड्या आल्या, एक ४८५ जवळ, एक ५१५ जवळ, तर ५०० चा नग कारखान्यात जवळजवळ विणलाच जात नाही, नुसती सरासरी ५०० आहे. एकाला माल कमी जातो, दुसऱ्याला सूत फुकट. अशा वेळी आकडे पाळीवार किंवा मागवार वेगळे करा आणि एकाखाली एक आयतालेख ठेवा, आडवी मोजपट्टी तीच. कोणती टेकडी कुणाची ते लगेच दिसतं. वर्ग फार रुंद केले तर दोन टेकड्यांची एक होते, फार अरुंद केले तर करवतीचे दाते. दोन-तीन रुंद्यांनी काढून बघा. वजन सलग असतं, त्यामुळं दांड्या एकमेकींना चिकटलेल्या हव्यात.

चाटीगल्लीवाला
मास्तरांचं पटलं, पण बँकेला एकूण उत्पादन आणि त्यातला सेकंड एकाच चित्रात लागतो. तिथं विभाजित स्तंभालेख (एकाच दांडीचे एकावर एक तुकडे) चालेल की. फक्त सेकंडचा भाग तळाला ठेवा. तळाचा तुकडा सगळ्या दांड्यांत शून्यावरून सुरू होतो म्हणून त्याचीच तुलना नीट होते, वरचे तरंगत राहतात. आणि दांड्यांचा अक्ष शून्यापासूनच पाहिजे. आमच्या एका सप्लायरनं ९० पासून सुरू केला होता, ९५ आणि ९८ मध्ये आभाळ-जमिनीचं अंतर दिसत होतं.

बार्शीकर
चोवीस दांड्यांचा जोडस्तंभालेख काळ्या-पांढऱ्यात वाचवणार नाही. बारा मागांच्या बारा आडव्या ओळी घ्या, प्रत्येकीवर दिवसपाळीचा पोकळ ठिपका, रातपाळीचा भरीव, मधे बारीक रेघ. रेघ जेवढी लांब तेवढा पाळ्यांत फरक. ओळी माग नंबरानं नको, फरकाप्रमाणं लावा.

पूर्वभागातली
सगळ्यांना धन्यवाद. बार्शीकरदादा, ठिपक्यांचा जमला, झेरॉक्सवरसुद्धा वाचता येतो. मास्तर, वजनाच्या टेकड्या दोनच निघाल्या. पाळीवार वेगळं केलं तर दोन्ही पाळ्यांत दोन-दोन, म्हणजे पाळीचा दोष नाही. आता मागवार करते. पण एक्सेलमध्ये दांड्यांच्या मधे फट राहायलीय, चिकटवायच्या कशा? आमचं एक्सेल जुनं आहे.

निवृत्त_मास्तर
दांडीवर उजवी क्लिक, फॉरमॅट डेटा सिरीज, गॅप विड्थ शून्य. जुन्या एक्सेलमध्ये हिस्टोग्राम तयार मिळत नाही (२०१६ पासून आहे), म्हणून वर्गवार मोजणी आधी फ्रिक्वेन्सी फॉर्म्युल्यानं करून घ्या. मागवार करताना एकेका मागाचे नग थोडे भरतील, तेव्हा वर्ग पाचाऐवजी दहा ग्रॅमचे घ्या. आणि सूत कुठल्या लॉटचं होतं त्याची नोंद असेल तर तीही काढून ठेवा. माग निर्दोष निघाले तर पुढचा संशय तिकडं.